पतीपत्नींमध्ये गुप्त गोष्ट असावी काय?

गेल्या पावसाळ्यात एका खेड्यातील उपदेशकाने आम्हांस एक प्रश्न लिहून पाठविला. त्याच्या मंडळीतील एक बाई खुरपणीस व कापूस वेचण्यास जाते. मजुरीचे जे पैसे मिळतात त्यांतून दर आठवड्यास पन्नास-साठ रुपये ती उपदेशकाच्या बायकोपाशी ठेवावयास देते, आणि "आमच्या घरी कळू देऊ नका" इतकेच सांगून जाते. असे वर्ष-दीड वर्ष चालले. पुढे एके रविवारी उपासना आटोपल्यावर त्या बाईचा नवरा उपदेशकास बाजूस घेऊन म्हणाला, "गुरुजी, माझी बायको तुमच्याकडं पैसे ठेवते असं लोक बोलतात. खरं काय ते सांगा." उपदेशकाने "मग बोलू" म्हणून त्या वेळी आपली सुटका करून घेतली, परंतु तेव्हापासून त्याच्या मनास स्वस्थता नाही. खोटे बोलावे, तर पुढल्या रविवारी त्याने कोणत्या तोंडाने उभे राहावे? खरे सांगावे, तर ती बाई पुन्हा त्याच्या दाराशी का येईल? आणि सर्वांत मोठी शंका ही की, लग्नाने जी दोघे एक झाली त्यांपैकी एकाने दुसऱ्यापासून पैसा लपविणे हेच मुळी पाप नव्हे काय?

असल्या प्रश्नास एक सोपे उत्तर आहे, आणि ते आम्हीही पुष्कळ वेळा दिले आहे. लग्नाच्या वेळी वधूवरांस पुढे उभे करून "तुम्ही उभयतांनी एकमेकांपासून काही लपवू नये" असे सांगावयास काही खर्च पडत नाही. सांगणारा बहुधा पुरुष असतो. ऐकणाऱ्यांपैकी वर मान डोलावितो. वधूची मान त्या वेळी खालीच असते, म्हणून तिच्या मनात काय आले हे कोणी पाहत नाही. ह्या उपदेशात चूक आहे असे आमचे म्हणणे नाही; तो अपुरा आहे. 'लपविणे' हा एकच शब्द आपण अगदी निरनिराळ्या कृत्यांस लावितो, आणि मग सर्वांत दुबळ्या माणसाच्या कृत्यास सर्वांत जड वजनाने तोलतो.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा पंचविसावा अध्याय आमच्या वाचकांनी वाचिला असेल. नाबाल हा मोठा मेंढरेवाला. त्याने दावीदाच्या माणसांस अन्न नाकारिले आणि वर त्यांचा अपमान केला. दावीद चारशे माणसांनिशी तरवार बांधून निघाला. तेव्हा अबीगईलने दोनशे भाकरी, द्राक्षारसाचे दोन बुधले, पाच मेंढरांचे मांस, भाजलेले धान्य, मनुकांचे शंभर घड आणि अंजिरांच्या दोनशे ढेपा गाढवांवर लादविल्या व ती दावीदास सामोरी गेली. एवढा माल घरातून बाहेर पडला, परंतु नवऱ्यास तिने काही सांगितले नाही, असे तेथे स्पष्ट लिहिले आहे. आणि ह्याबद्दल तिला कोठेही दोष दिलेला नाही. ह्या गोष्टीवर आम्ही कित्येक प्रवचने ऐकिली. त्यांत बहुधा अबीगईलच्या शहाणपणाचे वर्णन असे. परंतु संकटाची बातमी आणणारा चाकर धन्याकडे न जाता धनिणीकडे का गेला, ह्यावर बोलणारा आम्हांस अद्याप भेटला नाही. चाकराने कारण सांगितलेच आहे: धनी असा आहे की त्याच्याशी कोणास बोलता येत नाही. घरात गुपित उत्पन्न कसे होते ह्याचे सर्व रहस्य ह्या एका वाक्यात आहे. अबीगईलने दार लाविले नाही. ते नाबालाने पूर्वीच लावून घेतले होते. आणि आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. तिने ते गुपित एक रात्रच ठेविले. नवरा मेजवानीत पिऊन बसला होता तोवर ती गप्प राहिली. सकाळी त्याची धुंदी उतरल्यावर तिने आपल्या तोंडाने सर्व सांगितले.

आता आपल्याकडील घरांत येऊ. रमाबाई रानडे ह्यांचे लग्न १८७३ साली झाले, तेव्हा त्या अकरा वर्षांच्या होत्या आणि महादेव गोविंद रानडे एकतीस वर्षांचे. त्यांनी आपल्या आठवणी १९१० साली छापल्या. सासरी निघताना वडिलांनी आपणास काय बजाविले हे त्यांनी त्यांत लिहिले आहे: घरात कोणी काही बोलले तरी सोसावे, आणि त्याविषयी नवऱ्याच्या कानाशी कधी लागू नये. पुढे रानड्यांनी त्यांस लिहावयास-वाचावयास शिकविले, ते घरातील वडील बायकांस रुचले नाही, आणि वडिलांचा उपदेश पाळण्याचे पुष्कळ प्रसंग त्यांस आले. हेही एक गुपितच म्हणावयाचे, आणि आम्ही त्यास हलके लेखीत नाही. घरातील प्रत्येक टोमणा नवऱ्यापुढे नेऊन ठेविला असता तर ते घर टिकते ना. परंतु आम्ही जेव्हा जेव्हा ही हकीकत आठवितो तेव्हा मनात येते की, असा उपदेश मुलीच्याच बापाने मुलीस करावयाचा अशी आपली रीत आहे. "तुझी बायको काही बोलत नसेल, तेव्हा तूच तिला विचार" असे मुलाच्या बापाने मुलास बजाविलेले आमच्या ऐकिवात फारसे नाही.

मागल्या पिढ्यांतील बायकांचे गुप्त धन म्हणजे पदराच्या गाठीतला आणा, डाळीच्या मडक्यातला रुपया, आणि पुष्कळदा केवळ मनातली गोष्ट. बोलून काही मिळणार असेल तर माणूस बोलतो. ज्यांनी बोलून पाहिले त्यांचे काय झाले? मुंबईच्या रुखमाबाईंनी बालविवाहाविरुद्ध १८८५ साली इंग्रजी वर्तमानपत्रात लिहिले ते स्वतःच्या नावाने नव्हे, 'एक हिंदू स्त्री' अशा सहीने. लहानपणी लाविलेल्या लग्नाचा नवरा तेव्हा त्यांच्यावर फिर्याद लावून बसला होता. १८८७ साली कोर्टाने त्यांस नवऱ्याकडे जावे, नाहीतर कैद भोगावी असे फर्माविले. १८८८ साली नवऱ्यास दोन हजार रुपये देऊन तो वाद मिटला. पुढे त्या विलायतेस जाऊन डॉक्टर झाल्या. सर्व बायकांस हे कोठून साधणार? आणि आपण ख्रिस्ती लोकांनी तर ह्या बाबतीत फार मान वर करू नये. आपल्यास लागू असलेला १८६९ चा घटस्फोटाचा कायदा असा होता की, बायको व्यभिचारी ठरली एवढ्यावर नवऱ्यास मोकळे होता येई. परंतु नवरा तसाच वागला तर बायकोस त्याजबरोबर छळ किंवा टाकून जाणे असे आणखी काही शाबीत करावे लागे. ही विषमता २००१ साली दूर झाली. म्हणजे एकशे बत्तीस वर्षे कायदाच नवऱ्यास एका काट्याने आणि बायकोस दुसऱ्या काट्याने तोलीत होता. आमच्या आजीने सोसले आणि ती बोलली नाही ह्याचे आम्ही लहानपणी कौतुक ऐकिले. ती कोणापुढे बोलणार होती, हे तेव्हा आम्हांस सुचले नाही.

आता जी गोष्ट लिहावयाची ती लिहिताना आमचा हात अडखळतो. नारायण वामन टिळक ह्यांचे नाव आपल्या मंडळ्यांत फार आदराने घेतात, आणि तो आदर योग्यच आहे. त्यांचा बाप्तिस्मा मुंबईस १८९५ च्या फेब्रुवारीच्या १० तारखेस झाला. लक्ष्मीबाईंस ती गोष्ट होऊन गेल्यावर कळली. त्यांचे लग्न १८८० साली, त्यांच्या बाराव्या वर्षाच्या आतच झाले होते; माहेर अतिशय सोवळ्याचे; पदरी लहान मुलगा. एका दिवसात त्या बाईचे घर, स्वयंपाक, पंगत, सण, नातेवाईक, जगात आपण कोण हे उत्तर, सर्व बदलले, आणि तिला कोणी विचारिले नव्हते. पुढील चारपाच वर्षे दोघे वेगळी राहिली. नंतर त्या नगरास आल्या, प्रथम आपले सोवळे निराळे ठेवून राहिल्या, आणि १९०० साली स्वतःच्या समजुतीने त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हे सर्व त्यांनी 'स्मृतिचित्रे' ह्या ग्रंथात लिहिले. तो १९३४ ते १९३६ ह्या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाला. नवऱ्यावरील प्रेम कोठेही कमी न करिता त्यांनी त्याचे दोषही हसत हसत सांगितले आहेत, आणि स्वतःचेही.

टिळकांच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे. अगोदर सांगितले असते तर दोन्हीकडचे आप्त धावून आले असते, आणि कदाचित त्यांस कोंडूनही ठेविले असते. तसे त्या काळी घडत असे. मनुष्याचा विश्वास हा त्याचा स्वतःचा आहे. त्यास बायकोची परवानगी लागत नाही. शिवाय १८६६ च्या कायद्याप्रमाणे, ज्याची बायको त्याच्या धर्मांतरामुळे त्याजबरोबर नांदत नाही अशा माणसास ते लग्न कोर्टाकडून मोडून घेता येत असे. टिळकांनी तो मार्ग धरिला नाही, ते वाट पाहत राहिले. हे सर्व मान्य करूनही आम्हांस असे वाटते की, त्या एका बाबतीत त्यांनी आपल्या बायकोचा अन्याय केला. विश्वास त्यांचा होता. परंतु त्या दिवशीचा निर्णय दोघांच्या संसाराचा होता. परवानगी मागणे निराळे आणि कळविणे निराळे. अबीगईलने जे लपविले त्याने नाबालाचा जीव वाचला. टिळकांनी जे लपविले त्याने दुसऱ्या माणसाचे आयुष्य त्याच्या पाठीमागे ठरून गेले. पुरुषाच्या हाती कायदा, कमाई, प्रवासाची मोकळीक, आणि तरी तो भ्याला असेल. भीती पुरुषासही वाटते हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्याच्या हाती दाराची कडी आहे त्याने दार न उघडणे आणि जिच्या हाती नाही तिने खिडकीतून जाणे, ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. टिळक १९१९ साली वारल्यावर त्यांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' लक्ष्मीबाईंनी पुरे केले. त्यांस लिहिणे-वाचणे येऊ लागले ते लग्नानंतर, आणि ते शिकविणारे टिळकच होते. एकाच माणसाने तिला अक्षर दिले आणि त्यानेच तिला अंधारात ठेविले. लग्नाचा हिशेब असाच गुंतागुंतीचा असतो.

ह्याच कसोटीस लावून पाहिले म्हणजे सोयरीक जमविताना होणारी लपवाछपवी कोणत्या जातीची हे ठरविणे कठीण नाही. मुलास फेफरे येते, मुलगा पितो, मुलाचे दुसऱ्या गावी एक घर आहे, हे सर्वांस ठाऊक असते. उपासनेत लग्नाची सूचना वाचून 'कोणास काही हरकत माहीत असल्यास सांगावी' असे विचारितात, आणि सगळी मंडळी गप्प बसते. ह्यास दुबळ्याचा आडोसा म्हणता येत नाही. आपल्याच सांगली, सातारा, सोलापूरकडील किती सुनांनी नवऱ्याकडून आलेला एच.आय.व्ही.चा रोग अंगावर घेतला, आणि त्यांपैकी कितीजणींस 'पांढऱ्या पायाची' म्हणून वर बोल लागला! रक्त तपासणीत हा रोग आढळलेल्या एका माणसाचे ठरलेले लग्न, इस्पितळाने ती गोष्ट बाहेर सांगितल्यामुळे मोडले, तेव्हा तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९८ साली न्यायालयाने सांगितले की, त्याच्या गुप्ततेपेक्षा त्या मुलीचा जीव मोठा आहे. आमच्या मते उपदेशकाने ह्या बाबतीत संकोच धरू नये. लग्नापूर्वी दोन्ही घरी जाऊन स्पष्ट विचारावे. मुलीकडचेही लपवितात, हे आम्ही जाणून आहो. त्यांचे भय निराळे, परंतु तेथेही दुसऱ्याचे आयुष्य त्यास न विचारता ठरत असते.

पैशाकडे परत येतो, कारण उपदेशकाचा प्रश्न पैशाचा आहे, आणि त्याविषयी आम्हांस स्वतःच्या घरचे सांगावे लागेल. २०१६ च्या नोव्हेंबरच्या ८ तारखेस रात्री पाचशे व हजाराच्या नोटा बंद झाल्याचे जाहीर झाले. त्या बँकेत भरण्यास ३० डिसेंबरपर्यंत मुदत होती. सरकारचा हेतू काय होता व तो कितपत साधला हे राज्यकारभार जाणणारे सांगोत. खेड्यापाड्यांत त्या पन्नास दिवसांत जे घडले ते असे की, डब्यांतून, उशांतून, धान्याच्या कणग्यांतून, देव्हाऱ्याच्या व बायबलाच्या मागून बायकांच्या नोटा बाहेर निघाल्या. ज्यांचे स्वतःचे खाते नव्हते त्यांस त्या नवऱ्याच्या किंवा मुलाच्या हाती द्याव्या लागल्या. कित्येक घरांत हशा झाला. "आमच्या घरात सावकार निघाला" असे पारावर बोलणारे पुरुष आम्ही ऐकिले. कित्येक घरांत मारहाण झाली. आमच्या घरी तिसऱ्या दिवशी सकाळी मंडळींनी आमच्यासमोर बाजरीच्या डब्यातून काढलेल्या पाचशेच्या अकरा नोटा ठेविल्या. आम्ही हसलो, आणि विचारिले, "आम्हांपासून लपवून ठेविले होतेस?" ती हसली नाही. ती म्हणाली, "अहो, आधी एकदा दाखवले होते तुम्हाला."

तेव्हा आम्हांस आठवले. सातआठ वर्षांपूर्वी तिने शिवणाचे साडेतीन हजार रुपये मोठ्या आनंदाने आणून दाखविले होते. ते धाकट्या मुलीच्या शिक्षणासाठी होते. त्याच आठवड्यात आमच्या भावाच्या विहिरीचे काम अडले, आणि आम्ही तेच पैसे उचलून त्यास दिले. ते परत आले नाहीत. आम्ही ते वाईट बुद्धीने केले नव्हते. उलट आपण फार उदार आहो असे त्या दिवशी आम्हांस वाटले होते. दुसऱ्याच्या पैशाने उदार होणे सोपे असते. तिने भांडण केले नाही, अबोला धरिला नाही. पुढील पैसे फक्त बाजरीच्या डब्यात ठेविले. आणि आम्ही इतकी वर्षे असे समजून चाललो होतो की, आमच्या घरात काही गुप्त नाही! मंडळीतील कित्येक जोडप्यांस आम्ही ह्या विषयावर उपदेशही केला होता. ह्याहून अधिक लिहीत नाही.

आता काळ बदलला. बचतगटात बायका उघडपणे पैसे टाकतात आणि वहीत सही करितात. २०२४ साली राज्य सरकारने 'लाडकी बहीण' योजना काढून महिन्यास दीड हजार रुपये थेट बायकांच्या खात्यात घालण्यास आरंभ केला. तरी पुष्कळ घरांत खाते तिचे आणि मोबाईलचा नंबर नवऱ्याचा असतो. पैसे आल्याची बातमी प्रथम त्याच्या खिशात वाजते. नोकरी करणाऱ्या सुनेस नवरा म्हणतो, "तुझा फोन उघडून दाखव, लपवण्यासारखं नसेल तर भीती कसली?" ही मागणी ऐकण्यास सत्यप्रियतेसारखी वाटते. परंतु तोच नवरा आपला फोन उशाखाली ठेवून झोपत असेल, तर त्या मागणीस आम्ही निराळे नाव देऊ. आमची धाकटी मुलगी परिचारिका आहे. आपला पगार किती व तो कोठे ठेविते हे ती नवऱ्यास सांगते. माहेरी किती पाठविते हेही सांगते. तिच्या आईस ह्याचे नवल वाटते, आणि थोडी धास्तीही. "सगळं सांगू नये बाई," असे ती मुलीस म्हणाली ते आम्ही शेजारच्या खोलीतून ऐकिले. मुलगी म्हणाली, "आई, ते विचारतात आणि मग ऐकून घेतात." दोन पिढ्यांत हा फरक कशाने पडला ह्याचे श्रेय आम्हांकडे येत नाही, एवढे आम्हांस ठाऊक आहे.

उपदेशकास आम्ही असे लिहिले. खोटे बोलू नये. परंतु ते गुपित तुमचे नाही, म्हणून ते उघड करण्याचा अधिकारही तुम्हांस नाही, नवऱ्यास सांगावे की, "हे तुझ्या बायकोस विचार, आणि सकाळच्या वेळी, शुद्धीवर असताना विचार, तुझी हरकत नसेल तर आम्ही दोघे येऊन बसू." पूर्वी तिने हाती दिलेल्या पैशाचे काय झाले, हेही त्यास विचारून पाहावे. बाईस सांगावे की, तिच्यासाठी तुम्ही खोटे बोलणार नाही, हे तिने समजून असावे. आणि तुमची पेटी ही काही बँक नव्हे, तेव्हा पोस्टात तिच्या स्वतःच्या नावाचे खाते उघडून द्यावे. तिला सही येत नसल्यास तुमच्या बायकोने ती तिला शिकवावी, मग वेळ लागला तरी चालेल.

महिन्याभराने त्याचे उत्तर आले. नवऱ्याने बायकोस विचारिले की नाही हे त्यास कळले नाही. सही शिकणे चालू आहे. नावातील जोडाक्षर अद्याप नीट वळत नाही. पैसे मात्र ती बाई एके दिवशी दुपारी येऊन मोजून घेऊन गेली. ते तिने आता कोठे ठेविले आहेत हे उपदेशकाच्या बायकोस माहीत असावे असा त्यास संशय आहे, परंतु त्याने विचारिले नाही.